विजेची पहिली बस धडगावला हवी

विजेवर चालणाऱ्या गाड्यांबद्दल नंदुरबार जिल्ह्यात एक मत ठामपणे मांडलं जातं. ही गाडी म्हणजे मुंबई-पुण्याची चैन. ती पेट घेते, घाट चढत नाही, तिची वीज शेवटी कोळशाचीच असते. सातपुड्यात जिथे धड रस्ता नाही तिथे चार्जिंगच्या गोष्टी कशाला, असंही विचारलं जातं. शहाद्याच्या बाजार समितीत हेच ऐकू येतं, नवापूरच्या स्टेशनबाहेर हेच, नंदुरबारच्या कचेरीसमोरच्या टपरीवरही हेच. बोलणारी माणसं भाबडी नाहीत. सरकारच्या नव्या योजना आपल्या जिल्ह्यापर्यंत कशा पोचतात, हे त्यांनी आयुष्यभर पाहिलेलं आहे. त्यांच्या रागाला कारण आहे. पण त्या रागातून त्यांनी काढलेला निष्कर्ष चुकीचा आहे आणि तो त्यांच्याच अंगावर उलटणारा आहे. म्हणून हा प्रतिवाद.

माझं म्हणणं सुरुवातीलाच सांगतो. विजेचं वाहन ज्या जिल्ह्यांना सर्वांत आधी मिळायला हवं, त्यांत नंदुरबार आहे. मात्र ते खासगी मोटारीच्या रूपात नको. एसटीच्या, रुग्णवाहिकेच्या, मालवाहू तीनचाकीच्या आणि मजुराच्या दुचाकीच्या रूपात ते हवं. आज सरकारी सवलतीचा ओघ नेमका उलट्या दिशेने वाहतो आहे आणि ‘आम्हाला ती गाडी नकोच’ म्हणून आपण त्या उलट्या क्रमाला मान्यता देतो आहोत. मागणाराच नसेल तर देणाऱ्याला देण्याची गरज उरत नाही.

आधी भीतीचं पाहू. २६ मार्च २०२२ रोजी पुण्यात रस्त्याकडेला उभी असलेली विजेची स्कूटर पेटली. तिची चित्रफीत गावोगावच्या मोबाइलवर पोचली. त्याच वर्षी जूनमध्ये वसईत विजेच्या मोटारीला आग लागली, तीही सगळ्यांनी पाहिली. या आगी खऱ्या होत्या आणि त्यांना क्षुल्लक म्हणणं हा ग्राहकाचा अपमान आहे. लिथियमच्या बॅटरीत शेकडो सेल शेजारी शेजारी बसवलेले असतात. एका सेलमध्ये आतल्या आत शॉर्टसर्किट झालं की तो तापतो, शेजारच्याला तापवतो आणि ही साखळी सुरू झाली की बादलीभर पाण्याने विझत नाही. त्या वर्षीच्या आगींनंतर केंद्र सरकारने तज्ज्ञांची समिती नेमली आणि दुचाकी-तीनचाकीच्या बॅटरीसाठीचं एआयएस-१५६ हे मानक कडक केलं. त्याचा पहिला टप्पा १ डिसेंबर २०२२ पासून लागू झाला, दुसरा ३१ मार्च २०२३ पासून. सेल, चार्जर, पाण्यापासूनचं संरक्षण आणि बॅटरीवर लक्ष ठेवणारी यंत्रणा, या सगळ्यांच्या चाचण्या त्यात आल्या.

तेव्हा ‘विजेची गाडी पेटते’ या वाक्यापाशी थांबून चालणार नाही. कोणती गाडी, कोणती बॅटरी, कोणता चार्जर, हे विचारायला हवं. लिथियम-आयर्न-फॉस्फेट प्रकारची बॅटरी निकेल-कोबाल्टच्या बॅटरीपेक्षा जास्त उष्णता सोसते. उन्हाळ्यात पारा त्रेचाळीस-चव्वेचाळीसवर जाणाऱ्या खानदेशात ही माहिती गाडीच्या रंगापेक्षा महत्त्वाची आहे. ती दुकानदाराकडून लेखी मागून घ्यावी. ताशी २५ किलोमीटरपर्यंतच्या आणि २५० वॉटपर्यंतच्या स्कूटरला नोंदणी लागत नाही, त्यामुळे स्वस्तातला माल तिथेच जास्त शिरतो. खरा धोका तिथे आहे. उन्हातून आलेली गाडी निवल्याशिवाय चार्जिंगला लावू नये. घराच्या एकुलत्या एक दारात लावू नये. अर्थिंग नसलेल्या जुनाट बोर्डाला लांबलचक वायर जोडून तर कधीच लावू नये. हे नियम कोणी गावात येऊन सांगत नाही, हा दोष विक्रेत्यांचा आणि सरकारचा. ते सांगायला लावणं हे आपलं काम. गॅस सिलिंडर घराघरांत आला तेव्हा तोही धोक्याचाच होता. आपण तो नाकारला नाही, वापरायला शिकलो.

भीतीबद्दल आणखी एक गोष्ट बोलायला हवी, कारण भीती कुणाच्या मरणाने जागी होते आणि कुणाच्या मरणाने होत नाही, हा राजकारणाचा प्रश्न आहे. १२ जून २०२५ रोजी अहमदाबादहून लंडनला निघालेलं एअर इंडियाचं बोइंग ७८७ विमान उड्डाणानंतर काही क्षणांत कोसळलं. विमानातल्या २४२ जणांपैकी एकच वाचला. जमिनीवरचे धरून २६० माणसं गेली. नंदुरबारला अहमदाबाद परकं नाही. सुरत, बारडोली, अहमदाबादशी आपल्या जिल्ह्याचा संबंध मजुरीचा, दवाखान्याचा, सोयरिकीचा आहे. त्या आठवड्यात इथेही लोक हळहळले आणि विमानात कधी बसलेली नसलेली माणसंही ‘विमान नको रे बाबा’ म्हणू लागली. हळहळ रास्त होती. पण त्यातून काढलेलं अनुमान रास्त नव्हतं. २०२३ या संपूर्ण वर्षात जगभरात प्रवासी जेट विमानाचा एकही जीवघेणा अपघात झाला नव्हता. विमानप्रवास इतका सुरक्षित झाला तो आपोआप नव्हे. प्रत्येक अपघाताची चौकशी होते, ध्वनिमुद्रणं आणि नोंदी तपासल्या जातात, कारण शोधून ते जगाला सांगावं लागतं. अहमदाबादच्या अपघाताचा प्राथमिक अहवाल महिन्याभरात, १२ जुलैला लोकांसमोर आला. दोन्ही इंजिनांचा इंधनपुरवठा सेकंदाच्या अंतराने तुटल्याची नोंद त्यात होती. तो अंतिम निष्कर्ष नव्हे. पण एका महिन्यात तेवढी माहिती सर्वांना मिळाली.

आता आपल्या बारीकडे, म्हणजे घाटाकडे या. ऑक्टोबर २०२५ मध्ये धनत्रयोदशीच्या सुमाराला अस्तंब्याच्या यात्रेहून परतणाऱ्या भाविकांचा पिकअप चांदसैली घाटात उलटला. तरुण पोरं गेली. जानेवारी २०२१ मध्ये तोरणमाळजवळच्या खडकी घाटात प्रवाशांची गाडी दरीत गेली होती. या अपघातांनंतर काय होतं? मंत्री शोक व्यक्त करतात, मदत जाहीर होते, चालकावर गुन्हा दाखल होतो आणि प्रकरण संपतं. त्या वळणावर कठडा का नव्हता, ब्रेक कधी तपासले होते, एवढी माणसं मालाच्या गाडीत का होती, त्या वेळेला एसटी होती का, या प्रश्नांची उत्तरं देणारा अहवाल महिन्याभरात गावाच्या हाती पडत नाही. देशात २०२२ साली रस्त्यांवर १,६८,४९१ माणसं मेली. दिवसाला चारशे साठच्या वर. महाराष्ट्राचा आकडा पंधरा हजारांहून जास्त होता. म्हणजे अहमदाबादच्या अपघातात जेवढे गेले, त्याहून जास्त माणसं या देशाच्या रस्त्यावर रोज जातात. विमानाच्या अपघाताची चौकशी जशी होते तशी पिकअपच्या अपघाताची झाली पाहिजे, एवढी साधी मागणी आपण अजून नेटाने केलेली नाही.

तो पिकअप जरा जवळून पाहा. मागचा फाळका साखळीने आडवा बांधलेला. हौद्यात खाली सिमेंटच्या गोण्या, तेलाचे डबे, कुणाची बांधलेली बकरी. त्यावर बायका लेकरं मांडीवर घेऊन बसलेल्या. वरच्या आडव्या पाइपला धरून पुरुष उभे. दोघं-तिघं फाळक्यावर बाहेरच्या बाजूने लटकलेले. गाडी वळली की सगळं वजन एका अंगाला जातं. या माणसांना धोका कळत नाही असं समजणारा माणूस त्यांना ओळखतच नाही. दुपारची बस चुकली तर दुसरी नाही आणि तालुक्याला जायचंच आहे. सातबाऱ्याचं काम आहे, रेशनचं आहे, लेकराला ताप आहे. म्हणून ते चढतात. चांदसैलीच्या बारीत माणसं मरतात त्याचं एक कारण अरुंद रस्ता आहे आणि दुसरं कारण न येणारी एसटी.

‘डोंगरात ही गाडी चढणार नाही’ हा आक्षेप इथेच निकालात काढू. विजेच्या मोटरला पहिल्या क्षणापासून पूर्ण जोर मिळतो. चढावर डिझेलच्या इंजिनाला गिअर बदलत जे धापावं लागतं, ते तिला करावं लागत नाही. हिमाचल प्रदेशाच्या परिवहन महामंडळाने सप्टेंबर २०१७ मध्येच मनालीहून रोहतांग खिंडीकडे विजेची बस सोडली. ती खिंड जवळजवळ चार हजार मीटर उंचीवर आहे. आपलं तोरणमाळ अकराशे-बाराशे मीटरचं. आपल्याच एसटीच्या ई-शिवनेरी बोरघाट रोज चढतात-उतरतात. हिशोब मांडून पाहा. दीड टनाची गाडी हजार मीटर वर न्यायला गुरुत्वाकर्षणाविरुद्ध सुमारे चार युनिट वीज लागते, मोटरमधली घट धरून साडेचार-पाच. उतरताना तीच मोटर उलट चालून वीज बनवते आणि त्यातला मोठा भाग बॅटरीत परत येतो. डिझेलची गाडी उतारावर तीच शक्ती ब्रेकच्या लायनरमध्ये जाळून टाकते. लांब उतारावर ब्रेक तापून निकामी होणं हे घाटातल्या अपघातांचं जुनं दुखणं आहे. मोटरच गाडी रोखत असेल तर ब्रेकवरचा ताण कमी होतो. अर्थात बॅटरी पूर्ण भरलेली असेल तर ती वीज परत घेऊ शकत नाही आणि चालकाला हे शिकवावं लागतं. पण घाट हा विजेच्या गाडीविरुद्धचा पुरावा होऊ शकत नाही. नीट पाहिलं तर तो तिच्या बाजूचा पुरावा आहे.

‘चार्जिंग कुठे करणार, आमच्याकडे पावसाळ्यात लाइन जाते,’ हा आक्षेप खरा आहे आणि त्याला उत्तरही आहे. धडगावला किंवा मोलगीला चार्जिंग करण्याची गरजच नाही. शहादा, अक्कलकुवा, नंदुरबार, नवापूर हे एसटीचे चारही आगार सपाटीवर, मोठ्या गावांत आहेत. शहाद्याहून धडगावला जाऊन परत येणं शंभर किलोमीटरच्या आसपासचं. नऊ मीटर लांबीची मध्यम विजेची बस एका चार्जिंगमध्ये तेवढं अंतर सहज काटते, घाटाचा जादा खर्च धरूनही. रात्री आगारात भरायची, सकाळी वर सोडायची, दुपारी परत आल्यावर पुन्हा तासभर लावायची. बारा मीटरच्या लांब बस आपल्या घाटांच्या वळणांना सोयीच्या नाहीत, लहान बस सोयीच्या आहेत. हे नियोजन मंत्रालयात बसून सुचत नाही, कारण तिथे बस म्हटली की मुंबई-पुणे महामार्ग डोळ्यांसमोर येतो. आपल्या जिल्ह्याचे हे आगार अजूनही धुळे विभागाखाली आहेत. जिल्हा १ जुलै १९९८ रोजी वेगळा झाला तरी एसटीच्या कागदावर आपण धुळ्याचीच शेपटी आहोत.

आता कोळशाचा आक्षेप. देशातली बहुतांश वीज आजही कोळशातून येते, हे खरं. भुसावळजवळच्या दीपनगरचं धुराडं खानदेशानेच पाहिलेलं आहे. पण हिशोब तिथे संपत नाही. पेट्रोलच्या इंजिनात इंधनातली जेमतेम पंचवीस-तीस टक्के शक्ती चाकापर्यंत पोचते, बाकीची उष्णता होऊन उडून जाते. विजेच्या मोटरमध्ये ऐंशी टक्क्यांहून जास्त शक्ती चाकाला मिळते. स्वच्छ वाहतुकीवर काम करणाऱ्या आंतरराष्ट्रीय परिषदेने २०२१ मध्ये गाडी बनवण्यापासून भंगारात जाईपर्यंतचा हिशोब मांडला. भारतातल्या कोळशाच्या विजेवरही विजेच्या मोटारीचं उत्सर्जन पेट्रोलच्या गाडीपेक्षा १९ ते ३४ टक्क्यांनी कमी भरतं, असं त्यात निघालं. शिवाय पेट्रोलची गाडी घेतल्या दिवसापासून भंगारात जाईपर्यंत पेट्रोलच पिते. विजेची गाडी मात्र वीज स्वच्छ होत जाईल तशी स्वच्छ होत जाते. शेजारच्या साक्री तालुक्यात ब्राह्मणवेलच्या पठारावर पवनचक्क्या फिरत आहेत आणि शिवाजीनगरला महानिर्मितीचा १२५ मेगावॉटचा सौर प्रकल्प उभा आहे. स्वच्छ वीज आपल्या दाराशी तयार होते. पेट्रोलसाठीचं तेल मात्र परदेशातून येतं. आपण वापरतो त्यातलं पंच्याऐंशी टक्क्यांहून जास्त कच्चं तेल आयात केलेलं असतं.

आणि विजेबद्दल बोलायचंच तर नंदुरबारला बोलण्याचा अधिकार साऱ्या महाराष्ट्रात सर्वांत मोठा आहे. सरदार सरोवराच्या १४५० मेगावॉटच्या वीजनिर्मितीत महाराष्ट्राचा वाटा २७ टक्क्यांचा आहे. त्या वाट्यासाठी महाराष्ट्राची ३३ गावं पाण्याखाली गेली. ती सगळी अक्कलकुवा आणि अक्राणी (धडगाव) तालुक्यांतली, म्हणजे आपली. मणिबेलीपासून वर नर्मदेच्या काठाने जमिनी, घरं, देवस्थानं गेली. याच अक्राणी तालुक्यातल्या बिलगावला २००३ मध्ये आदिवासींनी श्रमदान करून आणि केरळच्या तरुण अभियंत्यांना सोबत घेऊन १५ किलोवॉटचा छोटा जलविद्युत प्रकल्प उभारला होता. पाड्यांवर दिवे लागले होते. २००६ मध्ये तो पाण्यात गेला. स्वतःची वीज स्वतः बनवून दाखवलेला हा जिल्हा आहे आणि राज्यासाठी आपली गावं बुडवून दिलेला हा जिल्हा आहे. त्या विजेवर मुंबईच्या वाहनतळांतल्या मोटारी चार्ज व्हाव्यात आणि धडगावच्या बाईने पिकअपच्या फाळक्याला धरून दवाखान्यात यावं, हा न्याय कुणाला मान्य असेल? ‘विजेची गाडी आमच्यासाठी नाही’ असं आपण म्हणतो तेव्हा या अन्यायावर आपणच सही करत असतो.

यापुढचा आक्षेप दुसऱ्या बाजूचा आहे. सरकारच्या वतीने बोलणारे म्हणतात की महाराष्ट्राचं २०२५ चं इलेक्ट्रिक वाहन धोरण सर्वांसाठी आहे, त्यात सगळ्या प्रकारच्या वाहनांना सवलत आहे. धोरणात मालवाहू वाहनांना आणि ट्रॅक्टरलाही अनुदान ठेवलं आहे, हे मी नाकारत नाही. पण सरकारची नजर कुठे आहे हे कागदावरून नव्हे, तर निर्णय कोणत्या वेगाने होतात त्यावरून कळतं. या धोरणात टोलमाफी मिळाली ती मुंबई-पुणे द्रुतगती मार्गावर, समृद्धी महामार्गावर आणि अटल सेतूवर. यातला एकही रस्ता नंदुरबार जिल्ह्यातून जात नाही. २५ जानेवारी २०२५ पासून एसटीचं भाडं १४.९५ टक्क्यांनी वाढलं. त्याच वर्षीच्या मार्चमधल्या अर्थसंकल्पात तीस लाखांपेक्षा महाग विजेच्या मोटारींवर सहा टक्के कर लावण्याचा प्रस्ताव होता. महिना संपण्याआधी, २६ मार्चला, मुख्यमंत्र्यांनी विधान परिषदेत तो मागे घेतल्याचं सांगितलं. भाडेवाढीचा बोजा धडगावच्या प्रवाशाने सोसला. कराचा बोजा तीस लाखांची गाडी घेणाऱ्याने सोसू नये, याची मात्र काळजी घेतली गेली. मोटारीवरचा जीएसटीही पाहा. १ ऑगस्ट २०१९ पासून विजेच्या गाडीवर तो पाच टक्के आहे, मग गाडी आठ लाखांची असो की साठ लाखांची. स्वस्त गाडीला ही सूट मी समजू शकतो. साठ लाखांच्या गाडीला ती द्यायची आणि एसटीला तोट्याचं कारण सांगायचं, हे समजू शकत नाही.

एसटीसाठी ५१५० विजेच्या बस भाड्याने घेण्याचा करार झाला होता. ठरलेल्या वेळेत त्या आल्या नाहीत. मे २०२५ मध्ये परिवहनमंत्री प्रताप सरनाईक यांनीच तो करार रद्द करण्याचे निर्देश दिले. त्याच वर्षी सप्टेंबरमध्ये मुंबईत टेस्लाची पहिली मोटार त्यांनी घेतली आणि लोकांमध्ये विजेच्या वाहनांबद्दल जागृती व्हावी हा हेतू सांगितला. स्वतःच्या पैशाने कोणती गाडी घ्यावी हा त्यांचा प्रश्न आहे, त्याबद्दल तक्रार नाही. तक्रार जागृतीच्या कल्पनेबद्दल आहे. ज्या खात्याकडे एसटी आहे, त्या खात्याच्या मंत्र्याला विजेच्या वाहनाची जागृती करायची असेल तर ती मोलगीच्या स्टँडवर विजेची बस लावून होईल. पन्नास-साठ लाखांची मोटार पाहून जिल्ह्यातल्या माणसाच्या मनात एकच गोष्ट पक्की होते की हे आपल्यासाठी नाही. सुरुवातीला मी ज्या मताचा प्रतिवाद करतो म्हणालो, ते मत अशानेच तयार होतं.

केंद्राच्या योजनांचीही गत वेगळी नाही. ऑगस्ट २०२३ मध्ये मंजूर झालेली पीएम ई-बस सेवा दहा हजार बसची. अट अशी की शहराची वस्ती तीन लाखांहून जास्त हवी. नंतर आलेल्या पीएम ई-ड्राइव्ह योजनेत विजेच्या बससाठीचे पैसे चाळीस लाखांहून मोठ्या नऊ महानगरांना, ज्यात आपल्या बाजूची मुंबई, पुणे आणि सुरत आहेत. नंदुरबार शहराची वस्ती २०११ च्या जनगणनेत १ लाख ११ हजार होती आणि जिल्ह्यात त्याहून मोठं शहर नाही. म्हणजे आपण रांगेत मागे आहोत असं नव्हे, आपल्याला रांगेतच उभं करून घेतलेलं नाही. १६ लाखांहून जास्त वस्तीचा, सुमारे ६९ टक्के आदिवासी असलेला, केंद्राने स्वतः ‘आकांक्षित’ म्हणून निवडलेला जिल्हा वाहतुकीच्या योजनेत बसत नाही, कारण त्याचे लोक एका शहरात न राहता पाड्यांवर राहतात. ज्याला प्रवास सर्वांत लांबचा, त्यालाच वाहन नाही.

हा दोष एका पक्षाचा नाही. २९ सप्टेंबर २०१० रोजी तेव्हाचे पंतप्रधान मनमोहन सिंग आणि सोनिया गांधी शहादा तालुक्यातल्या टेंभलीला आले आणि देशातला पहिला आधार क्रमांक तिथे दिला गेला. काँग्रेसचं सरकार होतं. आता केंद्रात आणि राज्यात भाजपचं नेतृत्व आहे. जिल्ह्याने खासदार दोन्ही पक्षांचे निवडून दिले, दहा वर्षं भाजपचा आणि २०२४ मध्ये पुन्हा काँग्रेसचा. मोजदादीसाठी, क्रमांकासाठी, प्रयोगासाठी नंदुरबारचा नंबर पहिला लागतो. बस, रुग्णवाहिका आणि कठडे वाटायची वेळ आली की शेवटचा. पक्ष बदलल्याने हा क्रम बदलला नाही. तो बदलेल तर ठोस मागणीने बदलेल आणि मागणीसाठी आधी आपलं मत बदलायला हवं.

‘आधी रस्ते द्या, मग विजेच्या बसचं बोला,’ असं जे म्हणतात त्यांना एवढंच सांगायचं आहे की या मागण्या एकमेकींच्या आड येणाऱ्या नाहीत. रस्ता हवाच. पावसाळ्यात झोळी करून रुग्ण खांद्यावर आणावा लागतो त्या पाड्यांना तो आजच हवा. पण जिथे डांबरी रस्ता पोचला आहे तिथेही दुपारनंतर बस नाही, हे कशाने झाकणार? ‘विजेची बस महाग, एसटी तोट्यात,’ असं म्हणणाऱ्यांनी डिझेलचं बिल पाहावं. विजेची बस घ्यायला महाग, चालवायला स्वस्त. म्हणून पहिली रक्कम सरकारने उभी करायची असते, आणि आदिवासी विकासाचा निधी अशाच कामासाठी आहे.

छोट्या माणसाच्या हिशोबात तर हे आजच बसतं. विजेच्या स्कूटरला शंभर किलोमीटरला सुमारे तीन युनिट लागतात. युनिट दहा रुपयांचं धरलं तरी तीस रुपये. पेट्रोलच्या दुचाकीला तेवढ्याला दोन लिटर म्हणजे दोनशे रुपयांच्या वर. नंदुरबारची मिरची बाजार समितीतून वाळवणाच्या पथारीवर जाते. ओल्या लाल मिरचीच्या गोण्या लादलेली तीनचाकी दिवसभर त्याच चार-पाच किलोमीटरात फेऱ्या मारते. ठरावीक रस्ता, कमी वेग, संध्याकाळी घरी मुक्काम, विजेच्या वाहनाला याहून सोयीचं काम नाही. त्या चालकाला कर्ज स्वस्त हवं, सुटे भाग आणि मिस्त्री गावातच हवा आणि बॅटरीची हमी लेखी हवी. जुनी बॅटरी परत घेण्याची जबाबदारी उत्पादकावर टाकणारे नियम ऑगस्ट २०२२ पासून देशात आहेत. ती घेणारं केंद्र जिल्ह्यात कुठे आहे, हे प्रत्येक विक्रेत्याला फलकावर लिहायला लावलं पाहिजे.

म्हणून जिल्ह्यातल्या लोकप्रतिनिधींकडे, ग्रामसभांकडे आणि बाजार समित्यांकडे माझं आवाहन आहे. पुढच्या ग्रामसभेत, पुढच्या जिल्हा नियोजन समितीत चार ठराव करा. जिल्ह्यातल्या चारही आगारांना घाटात चालणाऱ्या लहान विजेच्या बस द्या आणि पहिली धडगावच्या मार्गावर सोडा. केंद्राच्या ई-रुग्णवाहिकांच्या तरतुदीतून अक्राणी आणि अक्कलकुव्याच्या आरोग्य केंद्रांना वाहनं मागा. तीस लाखांवरच्या मोटारींचा मागे घेतलेला कर पुन्हा लावा आणि तो एसटीला द्या. घाटातल्या प्रत्येक जीवघेण्या अपघाताचा अहवाल तीस दिवसांत ग्रामपंचायतीच्या फलकावर लावा, जसा विमानाचा जगासमोर येतो.

विजेच्या गाडीला नकार देणं हे या जिल्ह्याचं हित नव्हे. बुडालेल्या तेहतीस गावांच्या जिल्ह्याचा त्या विजेवर पहिला हक्क आहे आणि तो हक्क मागितल्याशिवाय मिळणार नाही.